नवा ड्राईव्ह शाफ्ट बसवायचाय : ग्रीस कोणतं, कुठं आणि किती?

कापूसपट्टा (मानवत)

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, ड्राईव्ह पुढच्या चाकांना. स्टिअरिंग पूर्ण डावीकडं वळवून गाडी जोरात पुढं घेतली की उजव्या चाकातून कट-कट-कट आवाज यायलाय. सरळ रस्त्याला काही नाही. खाली वाकून बघितलं तर शाफ्टच्या सांध्यावरचा बाहेरचा (चाकाकडचा) रबर बूट घडीत फाटलेला. ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला लागलंय आणि त्यावर काळ्या मातीचा थर जमलाय. तूर काढलेल्या रानातून गाडी न्यावी लागते, खुंट टोकदार राहतात, त्यातलाच एखादा लागला असावा.

परभणीहून उजव्या बाजूचा पूर्ण शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा) आणून ठेवलाय. सोबत ग्रीसचं एक पाकीट आलंय, पण दोन्ही बूट पट्ट्या मारून बंद आहेत. मग हे पाकीट कुठं वापरायचं? गावातले मिस्त्री म्हणतात, पाकीट राहू द्या, बेरिंगचं ग्रीस भरपूर भरू. मला ते पटेना. बसवायचं काम मी आणि धाकटा भाऊ घरीच करणार आहोत. गाडी टेकवायच्या दोन घोड्या, जॅक, मोजून आवळायचा टॉर्क पाना, सगळं आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

शेंद्रा_दुसरीपाळी (छ. संभाजीनगर)

भाऊ, मिस्त्रींचं ऐकू नका. तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे.

पूर्ण जोडलेला शाफ्ट येतो तेव्हा दोन्ही जॉइंटमध्ये (टोकांच्या सांध्यांत) ग्रीस बहुतेक कारखान्यातच भरलेलं असतं. तरी तपासा. शाफ्ट आडवा धरून बाहेरचा जॉइंट हातानं चारी दिशांना वाकवा. ग्रीस असेल तर तो जड आणि सलग फिरतो, बूट दाबला की आत ओलं काहीतरी सरकल्याचं बोटांना कळतं. कोरडा असेल तर गोळ्यांची खडखड लगेच हाताला लागते. तरी शंका राहिली तर बुटाची लहान पट्टी, म्हणजे शाफ्टकडची, काढून आत बघा. ती पट्टी परत वापरायची नाही, नवी आणून ठेवा. ग्रीस आधीच असेल तर पाकीट आत ओतायचं नाही. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. काही कंपन्या जॉइंटचं ग्रीस वेगळं देतात आणि ते बसवणाऱ्यानंच भरायचं असतं, काही फक्त दात्यांना (शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या खाचांना) लावायला छोटं पाकीट देतात.

आता बेरिंगचं ग्रीस का नको. बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या असतात, आत एक खाचांची वाटी, बाहेर एक, आणि मध्ये गोळ्या जागेवर धरणारा पिंजरा. रझेपा नावाच्या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात ही रचना काढली, आजही जवळपास तीच चालते. चाक वळलेलं असताना गोळ्या नुसत्या गोल फिरत नाहीत. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला त्या खाचेत पुढं-मागं घासतात, आणि इंजिनाचा सगळा जोर त्या टिकलीएवढ्या जागेवर येतो. तेवढ्या दाबाखाली साध्या ग्रीसचा थर फाटतो आणि लोखंड लोखंडाला लागतं. म्हणून तिथं मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस लागतं. लिथियमचं, एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचं माप) घट्टपणाचं, काळपट करड्या रंगाचं. मॉलिब्डेनमचे कण पापुद्र्यांसारखे एकमेकांवर सरकतात, आणि तेलाचा थर फाटला तरी धातूवर चिकटून राहतात. दुकानात “सीव्ही जॉइंट ग्रीस” (सीव्ही म्हणजे हाच जॉइंट) किंवा “मोली ग्रीस” मागा. काळं दिसलं म्हणजे मोली, असं मात्र धरू नका. डब्यावर लिहिलेलं वाचून घ्या.

आणि “भरपूर” हा शब्द या कामात डोक्यातून काढून टाका. लहान गाडीच्या बाहेरच्या जॉइंटला साधारण ८० ते १२० ग्रॅम लागतं, नेमका आकडा किटवर असतो. बूट ठासून भरला तर वेगात ग्रीस बाहेर फेकलं जातं, बूट फुगतो आणि पट्टीखालून गळायला लागतं.

आतला जॉइंट, गिअरबॉक्सकडचा, वेगळा असतो. बहुतेक छोट्या गाड्यांत तीन रोलरचा ट्रायपॉड. चाक खड्ड्यात वर-खाली झालं की शाफ्टची लांबी बदलावी लागते, तेव्हा तो आत-बाहेर सरकतो. त्याला कधी कधी वेगळ्याच जातीचं ग्रीस दिलेलं असतं. दोन ग्रीस एकत्र करू नका. ग्रीस घट्ट करणारा साबण वेगवेगळ्या जातीचा असला की मिश्रण पातळ होऊन गळू शकतं.

मांजराकाठ (लातूर)

एक शंका. फक्त बूट आणि ग्रीस बदलून भागलं नसतं का? पूर्ण शाफ्टला पैसा लई जातो. माझ्या गाडीला असा कट-कट नाही, पण चढाला गिअर टाकून जोर दिला की पूर्ण गाडी थरथरू लालीय. पाय उचलला की बंद. ते पण याच्यातलंच का?

शेंद्रा_दुसरीपाळी

बूट फाटल्याचं आवाज यायच्या आधी दिसलं तर नक्की भागतं. जॉइंट खोलायचा, घासलेटात गोळ्या, पिंजरा, वाट्या धुवायच्या, कापडानं आणि हवेनं पूर्ण कोरडं करायचं, मग मोजून ग्रीस आणि नवा बूट. कोरडं करणं महत्त्वाचं, कारण राहिलेलं घासलेट नव्या ग्रीसला पातळ करतं आणि रबरही फुगवतं. पण एकदा कट-कट सुरू झाली की खाचेत खड्डे पडलेले असतात. मग ताजं ग्रीस आवाज काही दिवस दाबतं, झिजलेलं पोलाद भरून देत नाही. कापूसपट्टा भाऊंनी शाफ्ट घेतला ते योग्यच केलं.

तुमचं लक्षण आतल्या ट्रायपॉडचं वाटतं. जोर दिल्यावरच थरथर आणि पाय काढला की बंद, हे त्याचंच. खात्रीसाठी इंजिन माउंटिंग (इंजिन टेकलेलं असतं ते रबर) पण बघून घ्या, ते खचलं तरी असंच वाटतं. व्हील बेरिंगचा आवाज निराळा. ते हूंऽऽ करतं, वेगाबरोबर वाढतं, ॲक्सिलरेटर दाबला-सोडला तरी फरक पडत नाही.

अंबाजोगाई_गॅरेज

घरचं गॅरेज आहे, वडिलांसोबत मीही काम करते. शाफ्ट काढायचं-घालायचं मी सांगते. धाग्यात ग्रीसचं सगळं आलं, पण शाफ्टचं आयुष्य काढताना-घालतानाही कमी होतं.

कापूसपट्टा दादा, आधी गाडी जमिनीवर असतानाच हब नटचं (शाफ्टचं टोक चाकाच्या मधल्या हबमध्ये धरणारा मोठा नट) काम करा. नटची कडा शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती पटाशीनं हळूच वर उचला. ती न उचलता नट फिरवला तर शाफ्टचे आटे खरडतात. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मग लांब पाइप लावून नट फक्त ढिला करा. नंतर जॅक, आणि लगेच घोडी. नुसत्या जॅकवर कुणी गाडीखाली हात घालायचा नाही. मातीच्या अंगणात जॅकखाली जाड फळी घ्या, आपल्याकडची काळी जमीन वरून टणक दिसते आणि वजन पडलं की बसते.

गिअर ऑइल आधी एका स्वच्छ भांड्यात काढून घ्या. शाफ्ट ओढला की तसंही ते सांडतं. ऑइलमध्ये चकाकणारा बारीक चुरा जास्त दिसला तर इथं फोटो टाका.

लोअर आर्मचा (खालच्या दांड्याचा) बॉल जॉइंट नकलमधून (हब आणि बेरिंग धरणाऱ्या भागातून) सोडवला की नकल बाहेर ओढता येतो. एबीएस असेल तर सेन्सरची वायर ताणू देऊ नका, ब्रेकच्या पाइपवर कॅलिपर लोंबकळत ठेवू नका. शाफ्ट हबमध्ये अडकला असेल तर जुना नट टोकाच्या लेव्हलपर्यंत परत लावा, वर लाकडाचा ठोकळा धरा आणि मग हातोडी मारा. शाफ्टवर थेट घण घातलेला मी बऱ्याच वेळा बघितलाय. टोक फुगतं, मग शाफ्ट हबमधून निघतच नाही, आणि बेरिंगला मार बसतो तो वेगळाच.

आतल्या बाजूला शाफ्टचा दांडा धरून ओढू नका. दांडा ओढला तर ट्रायपॉड बुटातच सुटा होतो. गिअरबॉक्सचं कव्हर आणि जॉइंटचं भांडं (ट्रायपॉडवरचं बाहेरचं कवच) यांच्या फटीत टॉमी (लोखंडी सळई) घाला, एक झटका द्या. सर्कलिप (दात्यांवरची उघड्या तोंडाची कडी) सुटली की भांडं पुढं येतं. मग ते दोन्ही हातांनी खाली न झुकवता सरळ बाहेर काढा. झुकलं तर दात्यांची कडा ऑइल सीलच्या ओठाला चिरते. सील जुनं, कडक झालेलं असेल तर बदलूनच टाका. सील स्वस्त आहे, पुन्हा शाफ्ट काढायची मजुरी स्वस्त नाही.

नवा शाफ्ट चढवायच्या आधी जुन्याशेजारी फरशीवर ठेवा. लांबी, दोन्हीकडचे दाते, आटे, एबीएसची रिंग, सगळं जुळतंय का बघा. डावा-उजवा शाफ्ट बहुतेक गाड्यांत वेगळ्या लांबीचा असतो, कारण गिअरबॉक्स मधोमध नसतो.

आता तुमच्या प्रश्नातलं “कुठं”. गिअरबॉक्सकडच्या दात्यांना आणि सीलच्या ओठाला त्याच गिअर ऑइलचा हात फिरवा. तिथं ग्रीसचा गोळा लावायचा नाही. हबकडच्या दात्यांना मोली ग्रीसचा किंवा अँटी-सीझचा (जाम होऊ न देणारं मलम) पातळ थर, बोटानं पुसल्यासारखा. तो नसला तर पुढं दाते गंजतात आणि गाडी जागेवरून निघताना हबमधून एकच टक् असा आवाज येतो, लोक उगाच जॉइंटला दोष देतात. नटचे आटे मात्र स्वच्छ पुसून कोरडे ठेवा. आट्यांवर ग्रीस गेलं तर टॉर्क पाना बरोबर आकडा दाखवतो आणि नट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. तुमच्या मॅन्युअलमध्ये तेल लावा असं लिहिलं असेल तरच लावा.

सर्कलिप नवीच. बऱ्याच मॅन्युअलांत तिचं उघडं तोंड खाली ठेवायला सांगतात. शाफ्टचं वजन भावाला धरायला सांगा, दाते जुळवा आणि भांड्यावर एकच सरळ झटका द्या. “टच्” ऐकू येतं. मग भांडं हातानं हलकं ओढून बघा, नुसता दांडा नव्हे. बाहेर आलं नाही म्हणजे बसलं.

जुना_पाना (नांदेड)

छान लिहिलंय ताई. मी या कामात जुना माणूस. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तोवर आमच्या हाताखाली अँबेसेडर आणि पद्मिनीच असायच्या, मागच्या चाकांच्या. पुढच्या चाकाला ड्राईव्ह म्हणजे काय हे आम्ही त्या गाडीवर शिकलो. फक्त एका गोष्टीत माझा अनुभव वेगळा. हब नट आम्ही कायम चाक खाली टेकवूनच आवळला. वर असताना चाक फिरतं, जोर लागत नाही. टॉर्क किती सांगता तुम्ही?

अंबाजोगाई_गॅरेज

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण या जागी मला वेगळं सांगावंसं वाटतं. नट आवळलेला नसताना गाडीचं वजन चाकावर आलं, किंवा गाडी थोडी जरी ढकलली, तर बेरिंगच्या आतल्या दोन रिंगा एकमेकींना घट्ट धरून नसतात. नवं बेरिंगसुद्धा त्यात खराब होतं. म्हणून चाक वर असतानाच भावानं ब्रेक जोरात दाबून धरायचा आणि टॉर्क पान्यानं नट पूर्ण आवळायचा. ब्रेकनं धरवत नसेल तर डिस्कच्या फटीत जाड टॉमी घालून ती कॅलिपरला टेकवता येते. अगदीच नाही जमलं तर आधी वर जेवढा जमेल तेवढा घट्ट करा, मग चाक जमिनीला जेमतेम टेकवून शेवटचा जोर द्या.

टॉर्क गाडीगणिक वेगळा, मॅन्युअलमधलाच धरायचा. छोट्या गाड्यांत साधारण १७५ ते २५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. २०० म्हणजे एक मीटर पाइपच्या टोकाला जवळपास २० किलोचा भार. पाइपवर उभं राहून आवळायची सवय आपल्याकडं सगळीकडं आहे. माणसाचं ६०-७० किलो वजन त्या पाइपवर पडलं तर तिप्पट जोर झाला.

नट नवाच. आवळल्यावर कडा बोथट पंचनं शाफ्टच्या खाचेत बसवा. धारदार पटाशीनं मारली तर कडा चिरते आणि पकड राहत नाही.

जुना_पाना

बेरिंगच्या रिंगांचं पटलं. आमच्याकडं बेरिंग वरचेवर जायची त्याचं हेही कारण असणार. पोरांना सांगतो.

बालाघाटी (पाटोदा)

माझी गाडी मागच्या चाकांची, खाली लांब प्रोपेलर शाफ्ट. ऊसतोडीच्या हंगामात घाटातनं वर-खाली रोज असती. गिअर बदलताना खालून “टन्” आवाज येतोय. याच्यात ग्रीस कुठनं भरतात? बूट तर कुठंच दिसना.

शेंद्रा_दुसरीपाळी

तुमच्या शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस आहेत, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा. प्रत्येक पायाला टोपी आणि टोपीत सुईसारखे बारीक रोलर. क्रॉसच्या पोटात बहुतेक वेळा ग्रीस निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) असते. तिच्यावरची माती आधी पुसून घ्या, नाहीतर ग्रीस गनच्या पहिल्याच दाबाला ती माती थेट रोलरमध्ये जाते. मग हळू दाबत चारही टोप्यांच्या कडेतून ताजं ग्रीस दिसेपर्यंत भरा. तीन टोप्यांतून आलं आणि एकीतून नाही, तर ती टोपी आत कोरडी आहे असं समजा. गंजाच्या रंगाची लालसर भुकटी बाहेर आली तर रोलर गेलेत, क्रॉस बदलावा लागेल. शाफ्टमधल्या सरकत्या जोडालाही एक निपल असते, ती लोक विसरतात. गिअर बदलतानाचा “टन्” बऱ्याचदा तिथलाच असतो.

शाफ्ट काढायची वेळ आली तर फ्लँजवर (बोल्टनं जोडलेल्या चकतीवर) आणि सरकत्या जोडावर पंचनं खुणा करा आणि त्याच खुणांवर परत बसवा. दोन्ही क्रॉस एका रेषेत नसले किंवा शाफ्ट आहे तसाच परत बसला नाही तर वेगात गाडी थरथरते. खुणा न करता उघडलेला शाफ्ट जुळवत बसायचा म्हणजे अख्खी दुपार जाते.

बालाघाटी

निपल सापडली. मातीत गाडलेली होती. सरकत्या जोडाची बी होती, कुणी कधी भरलीच नव्हती. आभारी आहे.

कापूसपट्टा

मंडळी, काम झालं. सगळ्यांचे मनापासून आभार. पुढं कुणाला लागेल म्हणून लिहून ठेवतो.

जॉइंट वाकवून बघितला तर आत ग्रीस होतं, जड फिरत होता. पाकिटावर बारीक अक्षरात दात्यांसाठीच लिहिलेलं निघालं. त्यातलं थोडंसं हबच्या दात्यांना लावलं. हब नट ढिला करायला सगळ्यात जास्त कष्ट पडले, पण कडा आधी उचलली होती म्हणून आटे नीट राहिले. शाफ्ट हबमधून लाकडी ठोकळ्यावर ठोकून सुटला. गिअर ऑइल काळपट होतं पण चुरा नव्हता. सील कडक झालं होतं, ते बदललं. जुना शाफ्ट शेजारी ठेवून मोजला, लांबी आणि एबीएसची रिंग जुळली. भावानं वजन धरलं तेव्हा “टच्” स्पष्ट ऐकू आला. एकट्या माणसानं हे करू नये असं मला वाटतं, शाफ्ट धरायला आणि ब्रेक दाबायला दुसरा लागतोच.

ऑइल पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं, लेव्हलच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत भरलं. मग मानवत रोडपर्यंत गाडी नेली. दोन्हीकडं पूर्ण वळवून बघितली, आवाज अजिबात नाही. परत आल्यावर एक गोष्ट दिसली : आतला बूट किंचित आत ओढला गेलाय, घड्या चिकटल्यासारख्या. हे चालतं का?

शेंद्रा_दुसरीपाळी

चालवू नका, पण घाबरूही नका. आतल्या बुटात हवा कमी राहिली की तो असा पिचकतो. घड्या एकमेकींवर घासल्या की तिथंच फाटतो, मग पुन्हा पहिल्यापासून. गाडी चाकांवर, सपाट जागी उभी करा म्हणजे शाफ्ट आपल्या नेहमीच्या लांबीत राहील. लहान पट्टीच्या बाजूला, शाफ्ट आणि बुटाच्या ओठामध्ये बोथट, गोल टोकाचा पेचकस हळूच सरकवा. हवा आत जाताच बूट आपोआप सुटतो. मग पेचकस काढा. पट्टी त्यासाठी काढावी लागली तर नवी लावा, वायर पिळून बांधू नका. वायर बूट कापते.

अंबाजोगाई_गॅरेज

आणि दादा, पाचेकशे किलोमीटर झाले की एकदा खाली बघा. सीलच्या कडेला ऑइलचा ओलावा आहे का, बुटाच्या पट्ट्या जागेवर आहेत का, नटची ठोकलेली कडा तशीच आहे का. पहिला पाऊस झाला की बुटाभोवती साचलेली काळी माती पाण्यानं धुवून काढत जा. वाळली की ती दगडासारखी होते आणि वळताना बूट तिच्यावर घासतो. धुताना जोराच्या पाण्याचा फवारा पट्टीवर थेट मारू नका, पाणी आत शिरतं. डाव्या बाजूचे बूटही याच वेळी नीट बघून घ्या, तेही त्याच तुरीच्या रानातून गेलेत.

कापूसपट्टा

बूट पेचकसनं सोडवला, आता गोल झालाय. डाव्या बाजूच्या बाहेरच्या बुटाला एका घडीत बारीक चीर आहे, पण ग्रीस अजून बाहेर आलेलं नाही आणि आवाज नाही. येत्या आठवड्यात तिथं फक्त बूट किट टाकतो, ग्रीस पाकिटातलं, मोजून.